वसईचा गोन्सालो : परमुलखातील सेवेने शिकवलेले चार धडे

(मिशन रविवारानिमित्त अभ्यासलेख. घरी वाचनासाठी : लूक 10:1-9, योहान 12:24-26)



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार आपण मिशन रविवार म्हणून पाळतो. पोप पायस अकरावे यांनी 1926 मध्ये हा दिवस ठरवून दिला. या दिवशी जगभरातील चर्चमध्ये मिशनकार्यासाठी प्रार्थना होते आणि त्यासाठी खास दान गोळा केले जाते. आपणही आपल्या परीने त्यात भर घालतो. पण दान टाकून झाले की आपले मिशन संपले, असे आपल्याला वाटते का? या प्रश्नावर आज थोडा विचार करू या.

मागच्या आठवड्यात मिस्सा झाल्यावर एक आई मला भेटायला थांबली. तिची मुलगी नर्सिंग शिकली आहे आणि आता तिला परदेशातील इस्पितळात काम मिळाले आहे. आनंदाची गोष्ट, पण आईचे डोळे भरलेले. ती म्हणाली, "फादर, पोरगी इतक्या लांब चालली. तिथं ना आपली भाषा, ना आपलं माणूस. तिथं तिचं कोण?" मी तिला धीर दिला, मुलीसाठी प्रार्थना केली, आशीर्वाद दिला. पण घरी आल्यावर वाटले की तिच्या प्रश्नाचे उत्तर मी पुरते दिलेच नाही.

मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाढीवाला, पांढरा झगा घातलेला परदेशी फादर उभा राहतो, नाहीतर दक्षिणेकडून आलेली सिस्टर. म्हणजे मिशनरी हा आपल्याकडे येणारा माणूस, आणि आपण त्याची वाट पाहणारे! आपल्यातून कोणी मिशनरी म्हणून बाहेर जाईल, हा विचार आपल्या मनाला शिवतच नाही. खरे तर साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा एक मुलगा परमुलखात सेवेला गेला आणि संत झाला. भारतात जन्मलेला तो पहिला संत. त्याचे नाव संत गोन्सालो गार्सिया.

गोन्सालोची कथा

गोन्सालोचा जन्म 1557 च्या सुमारास वसईत झाला. त्या वेळी वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्याचे वडील पोर्तुगीज, आई मात्र तिथल्याच मुलखातील. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती, तिथे तो शिकला. 1572 च्या सुमारास, म्हणजे पंधरा वर्षांचा असताना, तो फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस यांच्याबरोबर जपानला निघाला.

पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्याकडे नववी-दहावीतला मुलगा. त्या काळी जपानला जाणारी शिडाची जहाजे मलाक्का, मकाव असे टप्पे घेत जात. अनुकूल वाऱ्याची वाट पाहत महिनेच्या महिने बंदरात थांबावे लागे. गेलेला माणूस परत दिसेल याची खात्री नसे. गोन्सालोच्या आईनेही आपल्या त्या भगिनीसारखाच प्रश्न विचारला असेल.

जपानमध्ये ख्रिस्ताची वार्ता पोहोचून तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. संत फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये तिथे पोहोचले होते. गोन्सालो जपानी भाषा झपाट्याने शिकला आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून येशूसंघीयांना मदत करीत राहिला. आपणही त्या संघाचे सभासद व्हावे, ही त्याची मनापासूनची इच्छा होती. परंतु ती काही पूर्ण झाली नाही. मग तो व्यापारात शिरला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. पण मन रमेना. पुढे फिलिपाइन्समधील मनिला येथे त्याची फ्रान्सिस्कन संघाशी ओळख झाली आणि त्या संघात तो साधा धर्मबंधू म्हणून दाखल झाला. तो धर्मगुरू नव्हता, हे ध्यानात ठेवा.

1593 मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्याचे प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता. त्यांना जपानी येत नव्हते, म्हणून दुभाषा म्हणून ब्रदर गोन्सालो बरोबर गेला. परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, असा हुकूम हिदेयोशींनी 1587 मध्येच काढला होता. तरीही या मंडळींना राहू दिले गेले. कियोटो शहरात त्यांनी एक लहानसे चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना उघडला.

1596 च्या ऑक्टोबरमध्ये 'सान फेलिपे' नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला, वाद पेटला, आणि त्या वादाची आग मिशनऱ्यांपर्यंत पोहोचली. डिसेंबरमध्ये ब्रदर गोन्सालो आणि त्याचे सोबती पकडले गेले. जानेवारी 1597 मध्ये त्यांच्या डाव्या कानाचे टोक कापून त्यांची गावोगाव धिंड काढण्यात आली. नंतर ऐन हिवाळ्यात त्यांना कियोटोहून नागासाकीला नेण्यात आले. हा प्रवास जवळजवळ महिनाभर चालला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते : चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. उरलेले वीस जण जपानमधील. त्यांत पॉल मिकी धरून तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक होते.

8 जून 1862 रोजी पोप पायस नववे यांनी या 26 जणांना संतपद बहाल केले. 6 फेब्रुवारीला ख्रिस्तसभा त्यांचा सण पाळते.

मी नागासाकीला गेलेलो नाही. पण गोन्सालोच्या जीवनावर मनन करताना मला चार धडे सापडले. ते मी आधी स्वतःला आणि मग तुम्हाला सांगतो.

पहिला धडा : आधी ऐका, मग बोला

गोन्सालोची पहिली कमाई कोणती? भाषा! पुढे ज्या कामासाठी त्याला जपानला नेले गेले ते कामही भाषेचेच होते. दुभाष्याचे काम मोठे नम्रतेचे असते. तो स्वतःचे काही बोलत नाही. एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या हृदयापर्यंत पोहोचवतो आणि स्वतः मागे राहतो.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार शिकवला होता. त्याचा भावार्थ असा : आपण काहीही दिले तरी घेणारा ते आपल्या पात्रतेप्रमाणे, आपल्या पद्धतीने घेतो. लोट्यात ओतलेले पाणी लोट्याचा आकार घेते, घागरीत ओतलेले घागरीचा. म्हणून देणाऱ्याने आधी समोरचे भांडे पाहावे.

परीक्षेत हे उत्तर मी बरोबर लिहिले होते. जगताना मात्र चुकलो. माहूरला आलो त्या पहिल्याच वर्षी मी एका तांड्यावर गेलो. बरोबर चांगला तयार केलेला उपदेश होता, पुस्तकी मराठीत. मी अर्धा तास बोललो. सगळे शांत बसून होते. मला वाटले, लोक भारावून गेले. निघताना एक म्हातारी याडी म्हणाली, "फादर, तू चांगलं बोललास. पण कुणाशी बोललास?" ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. आपल्या या भागात मराठी आहे, गोरमाटी आहे, गोंडी आहे, कोलामी आहे, पलीकडच्या सीमेवरून तेलुगू येते. गडाच्या पायथ्याशी उभे राहिले तर तासाभरात पाच भाषा कानावर पडतात. आणि मी एकाच भाषेत, तीही पुस्तकातल्या, देवाचे प्रेम सांगायला निघालो होतो! त्यानंतर दोन वर्षे मी तांड्यावर जाऊन जास्त करून ऐकले. जे गोरमाटी शब्द शिकलो ते पोरांनी हसत हसत शिकवले.

प्रभू येशूनेही तीस वर्षे नाझरेथमध्ये माणसांचे ऐकले आणि मग तीन वर्षे शिकवले. हा हिशेब आपण विसरतो.

दुसरा धडा : एक दार बंद झाले म्हणून देवाचे बोलावणे संपत नाही

गोन्सालोने आठ वर्षे निष्ठेने काम केले आणि तरी हवे ते त्याला मिळाले नाही. तुमच्या-माझ्यासारखा माणूस काय म्हणाला असता? "एवढे केले, त्याचे हे फळ? आता चर्चचे तोंड पाहणार नाही." आपल्या धर्मग्रामातही अशी नाराज माणसे आहेत. कुणाला समितीत घेतले नाही, कुणाच्या मुलाला वसतिगृहात जागा मिळाली नाही, कुणाचा शब्द फादरने राखला नाही. यांतल्या काही नाराजीला कारण मीही आहे, हे मी कबूल करतो.

गोन्सालो दुखावला असेलच. तो दूर गेला, व्यापार करू लागला. पण मनात कडवटपणा धरून बसला नाही. आणि देवाची योजना पाहा! व्यापाराच्या निमित्ताने तो मनिलाला पोहोचला, तिथे त्याला त्याचे घर सापडले, आणि नाकारला गेला त्या काळात शिकलेली जपानी भाषाच पुढे त्याच्या पाचारणाची वाट झाली. त्याची ती आठ वर्षे वाया गेली नव्हती. देव आपल्या शेतातले काहीही वाया जाऊ देत नाही. उशिराच्या पावसावरही रब्बी पिकते.

तिसरा धडा : सेवेत दुसरा हेतू मिसळू नका

हा धडा मला सर्वांत कठीण वाटतो, म्हणून थोडे थांबून सांगतो.

कियोटोत ब्रदर गोन्सालो आणि त्याचे सोबती कुष्ठरोग्यांच्या जखमा धूत होते. त्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. ज्यांना घरच्यांनी टाकले त्यांना या परक्या माणसांनी जवळ घेतले. ही सेवा निर्मळ होती. मग लोकांना संशय का आला?

असे सांगतात की सान फेलिपे जहाजाच्या एका अधिकाऱ्याने नकाशा दाखवून बढाई मारली : आमच्या राजाचे राज्य बघा केवढे, आधी मिशनरी जातात आणि मागून सैन्य जाते. हे बोलणे नेमके कसे झाले याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण संशयाला जागा होती, हे नाकारता येत नाही. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सत्तेची जहाजे आणि मिशनऱ्यांची जहाजे एकच होती. खुद्द गोन्सालोची वसईही तलवारीच्या बळावरच पोर्तुगीजांकडे आली होती. क्रूस आणि तलवार एकाच नावेतून उतरले की पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळावा कसा? सत्तेच्या बढाईची किंमत शेवटी त्यांनी मोजली, ज्यांच्या हातात तलवार नव्हती, मलमपट्टी होती.

बंधू-भगिनींनो, हा धडा आपल्यालाही लागू आहे. आपण रेणुकामातेच्या आणि दत्तप्रभूंच्या क्षेत्री राहतो. पौर्णिमेला, नवरात्रात हजारो भाविक आपल्या दारावरून गडाकडे जातात. आपण संख्येने मूठभर आहोत. आपण केलेल्या सेवेकडे कोणी संशयाने पाहिले तर आपल्याला राग येतो. रागावण्याआधी आपण स्वतःला विचारावे : माझी सेवा खरोखर फुकट आहे का? आजाऱ्याला दवाखान्यात नेताना, पोराला शिकवताना, त्या बदल्यात मला काही हवे आहे का? त्याने माझे ऐकावे, माझ्या चर्चमध्ये यावे, निदान माझे आभार मानावे? श्रद्धा ही देवाची देणगी आहे. ती आमिषाने देता येत नाही, दडपणाने तर नाहीच. तहानलेल्या वारकऱ्याला पाणी द्यायचे ते तो तहानलेला आहे म्हणून. एवढे कारण पुरे आहे. त्या पाण्यात प्रभू दिसला तर ते त्याचे काम, आपले नव्हे.

चौथा धडा : द्यायला जाणाराच जास्त घेऊन येतो

परदेशी सेवेला जाणाऱ्याला वाटते, मी काहीतरी घेऊन चाललो आहे. तिथे पोहोचल्यावर कळते, देव आपल्या आधीच तिथे येऊन बसला आहे.

गोन्सालो ज्यांना धर्म शिकवायला गेला, त्यांनी त्याला काय शिकवले असेल? नागासाकीच्या वाटेवर त्याच्याबरोबर तीन मुले होती : बारा वर्षांचा लुइस, तेरा वर्षांचा आंतोनियो आणि चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी. थॉमसचे वडीलही त्याच ओळीत चालत होते. वाटेत थॉमसने आईला पत्र लिहिले. त्यात त्याने आपली आणि वडिलांची काळजी करू नको असे सांगितले आणि धाकट्या भावांना सांभाळ असे विनवले. चौदा वर्षांच्या मुलाची ही श्रद्धा!

आणखी एक गोष्ट पाहा. कियोटोहून निघाले तेव्हा ते 24 जण होते. दोन जपानी श्रद्धावंत त्यांची वाटेत सेवा करायला मागून निघाले होते. शिपायांनी त्यांनाही पकडून त्या ओळीत उभे केले आणि 24 चे 26 झाले. त्यांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. थकलेल्यांना हात द्यायला आले आणि संत झाले.

टेकडीवर पोहोचल्यावर ब्रदर गोन्सालोने "माझा क्रूस कोणता?" अशी चौकशी केली आणि गुडघे टेकून त्याला मिठी मारली, असे सांगितले जाते. पंधराव्या वर्षी घर सोडलेला तो मुलगा आता चाळिशीला आला होता, म्हणजे माझ्याच वयाचा. तिथे तो एकटा नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला त्या देशाने दिलेले भाऊ होते.

पुढे जपानमध्ये छळ इतका वाढला की एकही धर्मगुरू उरला नाही. दोनशेहून अधिक वर्षे तिथे मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. तरी गावोगावच्या साध्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी गुपचूप बाप्तिस्मा देत, मुलांना प्रार्थना शिकवत श्रद्धा जपली. 1865 मध्ये नागासाकीत 26 रक्तसाक्ष्यांच्या नावाने नवे चर्च उभे राहिले, तेव्हा त्यांचे काही वंशज तिथे आले आणि आमची श्रद्धा तुमचीच आहे, असे त्यांनी फ्रेंच धर्मगुरूला सांगितले. आपल्याकडे काही वस्त्यांवर मी महिन्यातून एकदाच पोहोचतो, आणि पावसाळ्यात तेही जमत नाही. अशा वस्त्यांवरच्या बंधू-भगिनींनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. फादर आला नाही म्हणून प्रार्थना थांबत नाही.

आपले परमुलूख

आता त्या आईच्या प्रश्नाकडे परत येऊ. तिथं तिचं कोण?

बाई, तुमची मुलगी तिथे ज्या रुग्णाची चादर बदलेल, ज्या म्हाताऱ्याचा हात धरेल, ते तिचे होतील. पण त्यासाठी तिने नुसते पगारासाठी गेलेली मुलगी म्हणून राहू नये. आपण तिला पाठवलेली मुलगी म्हणून जाऊ द्या. म्हणून आपण असे ठरवू या की ती निघायच्या आधीच्या रविवारी तिला वेदीपुढे बोलावून सर्वांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची.

आणि फक्त तिच्यासाठीच का? दिवाळी जवळ आली की आपल्यातील काही कुटुंबे ऊसतोडीला निघतात. काही तरुण पुण्याला, हैदराबादला बांधकामावर जातात. चर्चचे बाक रिकामे होतात आणि मला वाईट वाटते. इतकी वर्षे मी या जाण्याकडे आपले नुकसान म्हणूनच पाहिले. गोन्सालोने माझी चूक दाखवली. पोटासाठी जाणाराही प्रभूचा पाठवलेला असू शकतो. उसाच्या फडात शेजारच्या कोपीतले पोर तापाने फणफणले तर रात्री कोण उठते? मुकादमाच्या हिशेबात अडाणी गड्याची फसगत होताना कोण बोलते? तिथे फादर नसतो, सिस्टर नसते. तिथे तुम्ही असता.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू शिष्यांना दोघे-दोघे करून पाठवतो, पैशांची पिशवी न घेता. ज्या घरात जातील तिथे आधी शांती मागा, असे सांगतो. कोपीत राहणाऱ्या माणसाजवळ तशीही पिशवी नसते. शांती मात्र तो नक्की देऊ शकतो.

घरी बसून विचार करण्यासाठी

1. माझ्या शेजारी अशी कोणती व्यक्ती आहे, जिच्याशी मी पुष्कळ बोललो, पण जिचे कधी ऐकले नाही?

2. चर्चमध्ये मिळालेल्या कोणत्या नकाराचा कडवटपणा मी अजून मनात धरून आहे? तो प्रभूच्या हाती देता येईल का?

3. या आठवड्यात बदल्यात काहीही न मागता, कुणाला न सांगता मी कोणती एक सेवा करीन?

4. आपल्या घरातून बाहेरगावी गेलेल्या माणसासाठी आपण रोज एकत्र प्रार्थना करतो का?

ऊसतोडीला किंवा बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी आपली नावे पुढच्या रविवारपर्यंत माझ्याकडे द्यावीत. मिस्सेत त्यांना आशीर्वाद देऊन पाठवण्यात येईल.

प्रार्थना

हे प्रभू येशू, वसईच्या एका मुलाला तू दूर देशी नेलेस, त्याला परकी भाषा शिकवलीस आणि परक्यांना त्याचे भाऊ केलेस. आमच्यातून जे दूर जात आहेत त्यांच्याबरोबर तू चाल. जे मागे राहतात त्यांचे दार येणाऱ्यासाठी उघडे ठेव. आमचे कान उघड, आमची सेवा निर्मळ कर आणि आमचा क्रूस ओळखण्याचे धैर्य आम्हाला दे. संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.

तुमचा,
फादर